‘सीटी नॉर्मल’ आहे, मग त्रास कशाचा? मेंदूचा मुका मार आणि तो पाहू पाहणारी यंत्रे

नागपुरातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर रात्री तासभर थांबले, तर एक वाक्य हमखास कानावर पडते. वर्धा रोडवर किंवा कामठी रोडवर दुचाकी घसरून पडलेला एखादा तरुण आत असतो, भंडारा, चंद्रपूर किंवा छिंदवाड्याहून धावत आलेले नातेवाईक बाहेर ताटकळत असतात, आणि डॉक्टर येऊन सांगतात, “सीटी नॉर्मल आहे.” सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. दोन दिवसांत मुलगा घरी येतो. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मात्र घरचे लोक चक्रावतात, कारण मुलाला उजेड सहन होत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही, दुकानातला साधा हिशेब चुकतो आणि तो बारीकसारीक कारणावरून चिडतो. रिपोर्ट नॉर्मल असताना हा त्रास आला कुठून, असा प्रश्न घरात उभा राहतो, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर “करायचे नाही म्हणून बहाणे करतो” असे दिले जाते.

बाहेर जखम नसताना आत लागलेल्या माराला आपण मुका मार म्हणतो. मेंदूच्या बाबतीत हा शब्द फार नेमका आहे. ‘नॉर्मल’ हे एका यंत्राने एका ठरावीक प्रश्नाला दिलेले उत्तर असते. प्रश्न बदलला की यंत्रही बदलावे लागते. गेल्या पन्नासेक वर्षांत डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते मिळून मेंदूला नवनवे प्रश्न विचारणारी यंत्रे घडवत आले आहेत. त्यांतील कोणते यंत्र काय पाहते आणि काय पाहू शकत नाही, हे समजले तर हातातल्या रिपोर्टचा अर्थ लावणे बरेच सोपे होते.

डोके थांबते, मेंदू थांबत नाही

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असते. तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असल्याने कवटीच्या तळावर त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतका पडतो. स्पर्शाला तो खरवसासारखा असतो. खरवसाचे भांडे सरळ पुढे ढकलून थांबवले, तर आतला खरवस फारसा विस्कटत नाही; पण तेच भांडे गर्रकन फिरवून एकदम थांबवले, तर कडेला चिकटलेला थर भांड्याबरोबर थांबतो, मधला भाग फिरत राहतो, आणि थरावरून थर सरकून आत चिरा पडतात. १९४३ साली ऑक्सफर्डमधील ए. एच. एस. होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनचे मेंदू तयार करून हेच दाखवले होते. मेंदू दाबला जाण्यापेक्षा पिळला जाणे अधिक घातक, आणि तो पिळला जातो मुख्यतः डोके झटक्याने वळते तेव्हा, हा त्यांचा निष्कर्ष आजच्या संगणकीय प्रतिकृतींचाही पाया आहे.

या पिळवटण्यात सर्वाधिक सोसतात ते चेतातंतू. चेतातंतू म्हणजे मेंदूतील पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तारा. त्यांची जाडी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे केसाच्या कित्येक पट कमी. भिजवलेली कणीक हळूहळू ओढली तर लांबते, झटक्याने ओढली तर तुटते. चेतातंतूंचेही तसेच आहे. तंतू सहसा तत्क्षणी तुटत नाही. त्याच्या आत माल वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, त्या झटक्याने तडकतात, वाहतूक तुंबते, तुंबलेल्या जागी तंतू फुगतो आणि पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत तिथून निकामी होऊ शकतो. अपघातानंतर तासाभरात काढलेल्या चित्रात ही इजा का दिसत नाही, याचे निम्मे कारण इथेच आहे: ती तेव्हा पुरती घडलेलीच नसते.

यावरून हेल्मेट निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. कवटी फुटणे आणि आत मोठा रक्तस्राव होणे या जीवघेण्या इजा हेल्मेटमुळे टळतात, आणि त्याला पर्याय नाही. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. डोके वळण्याचा झटकाही कमी व्हावा म्हणून हेल्मेटच्या आत सरकणारा थर बसवण्याचे तंत्र स्वीडनमध्ये विकसित झाले, आणि युरोपच्या नव्या नियमांत अशा फिरत्या आघाताची चाचणी समाविष्ट झाली आहे.

सीटीला विचारलेला प्रश्न

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे डॉक्टर नव्हते. ते ईएमआय या कंपनीतले अभियंता होते. एकाच बाजूने क्ष-किरण टाकला तर कवटीच्या हाडाची सावली सर्व काही झाकून टाकते. तोच किरण अनेक कोनांतून टाकून, पलीकडे किती पोहोचला ते मोजून, आतल्या प्रत्येक ठिपक्याची घनता गणिताने काढता येते, ही त्यांची कल्पना. तिच्यामागचे गणित ॲलन कॉरमॅक या भौतिकशास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे मांडले होते, आणि १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या दोन बिगर-डॉक्टरांना मिळाले.

सीटी मोजतो ती घनता. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, ताज्या रक्ताला मेंदूच्या ऊतीपेक्षा थोडा अधिक आकडा, आणि हाडाला त्याहून कितीतरी मोठा. त्यामुळे हाड मोडले आहे का, रक्त साकळले आहे का, मेंदू एका बाजूला ढकलला गेला आहे का, या प्रश्नांचे उत्तर तो काही मिनिटांत देतो. कवटी आता लगेच उघडावी लागेल का, हे त्या रात्री ठरवायचे असते आणि त्यासाठी सीटीइतके उपयोगी साधन दुसरे नाही. पिळवटलेल्या तंतूची घनता मात्र शेजारच्या शाबूत तंतूसारखीच असते. नागपूरच्या मध्यावरच्या झीरो माइल स्तंभाच्या वर उंचावरून शहराचे छायाचित्र घेतले, तर कोसळलेली इमारत दिसेल आणि तुंबलेले पाणी दिसेल. जमिनीखालून गेलेली टेलिफोनची केबल तुटली आहे की नाही, हे त्या छायाचित्रात शोधणे व्यर्थ आहे.

पाण्याच्या वाटेवरून तंतूंचा माग

एमआरआयचा विचार अगदी वेगळा आहे. त्यात क्ष-किरण नसतात. नेहमीच्या १.५ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) यंत्रातील चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट प्रबळ असतो. शरीरातील पाण्यात असलेले हायड्रोजनचे अणुकेंद्रक या क्षेत्रात एका दिशेला कलतात, रेडिओ लहरींनी त्यांना ढळवले की मूळ स्थितीत परतताना ते क्षीण संदेश सोडतात, आणि त्या संदेशावरून त्यांच्या भोवतालची स्थिती कळते. हे चित्रात उतरवण्याच्या पद्धतीसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले.

मुक्या माराच्या दृष्टीने सर्वात मोलाची ठरली ती विसरण-चित्रण नावाची पद्धत. विसरण म्हणजे पाण्याच्या कणांचे आपोआप इकडेतिकडे पसरणे. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढीवर पाणी ओतले, तर ते ताटांच्या लांबीच्या दिशेने सहज वाहते आणि आडवे जाताना अडते. पेंढी बैलांच्या पायांखाली तुडवली गेली असेल, तर पाणी वाट फुटेल तिकडे जाते. मेंदूतील पाणी कोणत्या दिशेने सहज सरकते हे एमआरआय मोजू शकतो, आणि त्यावरून तिथे तंतूंच्या पेंढ्या आहेत का, त्या कोणत्या दिशेने जातात आणि त्यांची ठेवण विस्कटली आहे का, याचा अंदाज बांधता येतो. १९९४ मध्ये पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अंदाजाला शिस्तशीर गणित दिले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या चित्रात प्रत्यक्ष तंतू दिसत नाहीत. चित्रातला एक ठोकळा साधारण दोन मिलिमीटर बाजूचा असतो आणि त्यात लाखो तंतू मावतात. आपल्याला मिळते ती त्यांच्या एकत्रित ठेवणीची खूण. रंगीबेरंगी धाग्यांची जी सुंदर चित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात, ती या खुणांवरून संगणकाने काढलेली असतात.

याच्या जोडीला चुंबकीय क्षेत्रातील बारीक बदल टिपणारी आणखी एक पद्धत आहे. रक्तातील लोह आजूबाजूचे क्षेत्र बिघडवते, त्यामुळे टाचणीच्या टोकाएवढे जुने रक्तस्रावही त्यात काळ्या ठिपक्यांसारखे उमटतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, डोक्याला सौम्य मार लागलेल्या आणि सीटी नॉर्मल असलेल्या रुग्णांपैकी सुमारे २७ टक्के जणांच्या एमआरआयमध्ये इजा आढळली.

विसरण-चित्रणाचा सर्वात मोठा फायदा खरे तर लकव्याच्या रुग्णांना झाला आहे. रक्तवाहिनी तुंबली की पुढच्या पेशी काही मिनिटांत फुगू लागतात, त्यांच्यातले पाणी अडकून पडते आणि ती जागा या चित्रात उजळते. सीटीमध्ये तीच जागा पहिले काही तास निर्दोष दिसू शकते. तिथे सीटी करायचा तो मुख्यतः रक्तस्राव नाही याची खात्री पटावी म्हणून. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. एवढ्या वेळात गडचिरोलीच्या आतल्या गावातून नागपूर गाठणे किती अवघड आहे, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. म्हणूनच २०१८ मध्ये आलेले निष्कर्ष महत्त्वाचे होते. मेंदूचा कोणता भाग मेला आहे आणि कोणता केवळ उपाशी पण जिवंत आहे, हे चित्रणाने वेगळे करून रुग्ण निवडले, तर मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीने काढण्याचा उपयोग काहींना चोवीस तासांपर्यंतही होतो, असे त्या चाचण्यांनी दाखवले. घड्याळाऐवजी चित्र पाहून निर्णय घेण्याची ही पद्धत लांबून येणाऱ्यांसाठी फार मोलाची आहे.

“मग डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाचे हे चित्रण का करीत नाहीत?”

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर पैशांपुरते नाही. काटोल आणि वरूडच्या बागांतली हजार-हजार संत्री तपासली, तर सरासरी गोडीत थोडा फरक सापडू शकेल. पण तुमच्या हातात एकच संत्रे देऊन, त्याच्या गोडीवरून ते काटोलचे की वरूडचे असे विचारले, तर उत्तर देता येणार नाही, कारण प्रत्येक बागेतच संत्र्या-संत्र्यांत भरपूर फरक असतो. विसरण-चित्रणावरील बहुतेक संशोधन ढिगांची तुलना करते: मार लागलेल्या शंभर जणांची सरासरी आणि न लागलेल्या शंभर जणांची सरासरी. त्यांत फरक दिसतो. त्यावरून समोर बसलेल्या एका रुग्णाबद्दल ठामपणे बोलणे अजून साधलेले नाही. मेंदूची ठेवण वयानुसार बदलते, माणसागणिक वेगळी असते, अपघातापूर्वीचे चित्र जवळजवळ कोणाकडेच नसते, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच माणसाचे आकडे वेगळे येतात.

त्यामुळे सध्या या क्षेत्रातले बरेच अभियांत्रिकी काम चमकदार चित्रांऐवजी मापांच्या शिस्तीवर चालले आहे: सर्व यंत्रांवर तेच उत्तर यावे म्हणून ज्ञात गुणधर्मांच्या नमुन्यांवर यंत्रे पारखणे, यंत्रांमधला फरक गणिताने काढून टाकणे, आणि निरोगी माणसांची मोठी माहिती गोळा करणे. माझ्या मते भारतासाठी यातले शेवटचे काम सर्वात निकडीचे आहे, कारण परदेशी मेंदूंच्या सरासरीशी आपल्या रुग्णाची तुलना करून काढलेला निष्कर्ष कितपत लागू पडतो, हे तपासल्याशिवाय कळणार नाही.

काम करणारा मेंदू दिसतो का?

तारा शाबूत असूनही त्यांतून संदेश नीट जात नसेल, तर रचनेचे चित्र अपुरे पडते. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताजे रक्त अधिक जाते. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात, आणि हा फरक एमआरआयमध्ये टिपता येतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले. यालाच कार्यात्मक एमआरआय म्हणतात. त्यात विचार दिसत नाहीत. विचारांपाठोपाठ काही सेकंदांनी होणारी रक्ताची वाढ दिसते.

या पद्धतीने २००६ मध्ये वैद्यकविश्वाला हादरवले. रस्ते अपघातानंतर कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला ॲड्रियन ओवेन यांच्या गटाने यंत्रात झोपवून “टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर” असे सांगितले, आणि तिच्या मेंदूत निरोगी माणसाप्रमाणेच हालचालींशी संबंधित भाग जागा झाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आज्ञेला बाहेरून काहीही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने, म्हणजे चारपैकी एकाने, अशा आज्ञेला आतून प्रतिसाद दिला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ बसून त्याच्याशी बोलत राहणाऱ्या आईला कोणी वेडी म्हणू नये, इतपत तरी या आकड्यांतून समजून घ्यायला हवे.

मात्र याच पद्धतीने फसगतही होते. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला मासा यंत्रात ठेवून दाखवले होते की, हजारो ठिकाणी एकाच वेळी मोजमाप करताना संख्याशास्त्रीय काळजी घेतली नाही, तर मेलेल्या मेंदूतही ‘कार्य’ उमटल्यासारखे दिसते. कार्यात्मक चित्रणावरून एखाद्याचा स्वभाव किंवा खरेखोटेपणा सांगण्याचे दावे वाचताना हा मासा आठवावा.

“यंत्रात काही दिसत नाही, म्हणजे त्रास मनाचाच ना?”

तसे मानण्याचे कारण नाही. सौम्य इजेचे निदान आजही मुख्यतः घडलेला प्रसंग, लक्षणे आणि तपासणी यांवरून होते; ग्लासगो येथे १९७४ मध्ये तयार झालेल्या शुद्धीच्या मोजपट्टीवर १५ पैकी १३ ते १५ गुण असलेले रुग्ण या गटात मोडतात. ‘सौम्य’ हा शब्द जिवाच्या धोक्यापुरता आहे, त्रासापुरता नाही. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, काहींचा त्रास महिनोन्‌महिने टिकतो. इजा झालेल्या पेशींमधून रक्तात उतरणारी दोन प्रथिने मोजण्याच्या चाचणीला अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली, पण तिचा उद्देशही सीटीची गरज कोणाला नाही हे ठरवण्यापुरता आहे.

घरी आलेल्या रुग्णाची डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, गुंगी चढू लागली, बोलणे अडखळू लागले, फिट आली किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसू लागल्या, तर आधीचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण रक्तस्राव उशिराही होऊ शकतो.

संगणक अहवाल वाचू लागला तर

रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावी सीटी निघतो, पण तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट तिथे नसतो. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या संशोधकांनी भारतातील केंद्रांमधून जमवलेल्या ३ लाख १३ हजारांहून अधिक सीटींवर संगणकाला शिकवून, रक्तस्राव आणि कवटीचा भंग ओळखण्याची पद्धत २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. शंभर चित्रांतून आधी कोणते पाहायचे हे ठरवण्यासाठी ती खरोखर उपयोगी आहे. तिची मर्यादाही उघड आहे: सीटीत जे उमटलेच नाही, ते संगणकालाही सापडणार नाही.

सिकलसेलची मुले आणि कानशिलावरची खिडकी

विदर्भासाठी या सगळ्यातला सर्वात जवळचा विषय बहुधा अपघाताचा नाहीच. सिकलसेल हा आपल्या भागातील अनेक आदिवासी आणि दलित कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आजार आहे, पण तो मेंदूवरही घाला घालतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. विळ्याच्या आकाराच्या कडक रक्तपेशींमुळे मेंदूच्या मोठ्या वाहिन्या आतून अरुंद होत जातात. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार, तपासणी आणि उपचार नसतील तर सिकलसेल ॲनिमियाच्या सुमारे ११ टक्के मुलांना वयाच्या विशीपर्यंत लकवा मारतो, आणि सुमारे एक तृतीयांश मुलांच्या एमआरआयमध्ये, कधीही लकवा झालेला नसताना, मेंदूत लहान व्रण आढळतात. अभ्यासात मागे पडणारे, लक्ष न लागणारे मूल या गटातले असू शकते. भारतात आढळणाऱ्या प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक टिकून राहत असल्याने आजार काहींमध्ये सौम्य असतो, त्यामुळे हे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण धोका नाही असेही म्हणता येत नाही.

हा धोका आधीच ओळखण्याचे साधन मात्र अवाढव्य नाही. कानाच्या थोडे वर कवटीचे हाड पातळ असते. तिथे सोनोग्राफीसारखा ध्वनिलहरींचा शोधक टेकवला की आतल्या वाहिनीतील रक्ताचा वेग मोजता येतो, कारण धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या लहरींचा सूर वेगानुसार बदलतो. स्टेशनवरून निघून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर बदलतो, तसाच. पाण्याच्या नळीचे तोंड अंगठ्याने अर्धे दाबले की धार जोरात उडते. त्याचप्रमाणे वाहिनी अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो. सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वेग आढळला तर धोका मोठा समजतात. अशा १३० मुलांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, नियमित रक्त दिल्याने लकव्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. वाहिन्या फार खराब झालेल्या नसतील, तर वर्षभर रक्त दिल्यानंतर हायड्रॉक्सीयुरिया या गोळीवरही ते संरक्षण टिकते, असे २०१६ मध्ये दिसून आले.

या तपासणीत सुई नाही, क्ष-किरण नाहीत, भूल नाही. मुलाला अर्धा तास शांत पडून राहावे लागते, आणि हात बसलेला तंत्रज्ञ लागतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली आहे. तिच्यात निदान झालेल्या दोन ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या पालकांनी आपल्या डॉक्टरांना ही तपासणी कधी आणि कुठे करता येईल हे विचारावे, असे मी आग्रहाने सुचवीन. वाहिनीतला वेग धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेला असतो, त्या दिवशी मूल शाळेत जात असते, खेळत असते, आणि त्याचा सीटी काढला तर तो नॉर्मलच येतो.